वापसीचा माल

पुरुषाला वजीफा झाला, म्हणजे पेन्शन लागली, की सरकार सुटतं आणि बायको सापडते. हे मी आता स्वतःच्या अनुभवानं सांगते. आमचे हे शाळाखात्यातून निवृत्त झाले, त्याला महिना उलटला नसेल, तोच स्वयंपाकघरात येऊन मिठाची बरणी चुलीच्या इतकी जवळ का, असा त्यांनी मला सवाल केला. ती बरणी माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून तिथंच आहे. एवढी वर्षं जेवताना ह्यांना मीठ कुठून येतं ते ठाऊक नव्हतं. ते आता कळलं आणि कळल्या कळल्या खटकलं. मी भांडले नाही. मला हसूच आलं, कारण मला आमच्या गल्लीतले नाकेदार आठवले. त्यांच्यापुढं आमचे हे म्हणजे अगदी गरीब गाय.

नाकेदारांचं नाव गल्लीत कुणी घेत नसे. सगळे नाकेदारच म्हणत, मी मात्र काका म्हणत असे. निजामाचं राज्य जिथं संपे आणि इंग्रजी मुलूख सुरू होई, तिथं शिवेवर जकातीचे नाके असत. त्या खात्याला करोडगिरी म्हणायचे. काकांची सगळी नोकरी या नाक्यांवर, आष्टीच्या पलीकडं माळरानात गेली. नगरकडून येणाऱ्या गाड्या अडवायच्या, पोती उघडायची, काय आहे ते ओरडून सांगायचं, आत बसलेल्या मोहरीरानं, म्हणजे कारकुनानं, ते लिहायचं, आणि मग आडवा बांबू वर उचलायचा. असं सगळं आयुष्य काढल्यावर सरकारनं त्यांना एके दिवशी हार घातला, वजीफा दिला आणि बीडला घरी पाठवलं. बांबू मात्र त्यांनी बरोबर आणला. तोच नव्हे, पण तसाच.

आमची गल्ली पुढून रस्त्याला उघडी आणि मागून थेट बिंदुसरा नदीच्या पात्रात उतरलेली. तोंडाशीच काकांचं घर. त्यांच्या ओट्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत हा बांबू आडवा असे. एका टोकाला दगड बांधलेला, दुसऱ्या टोकाला दोरी, आणि दोरी काकांच्या हातात. ओट्यावर सतरंजी, डोक्यावर गोंडा झिजलेली रुमी टोपी, अंगात गळ्याची गुंडी तुटलेली शेरवानी, आणि शेजारी मातीच्या परळात कालवलेला गेरू. सकाळी आंघोळ झाली की काका 'नाक्यावर' येत आणि जेवायला 'घरी' जात. या दोन जागांमध्ये एक उंबरा होता.

त्यांची माझी पहिली भेट माझ्या लग्नातच झाली. मी नेकनूरची. आमची दमणी मांजरसुंब्याचा घाट उतरून, पालीवरून बीडला आली आणि गल्लीच्या तोंडाशी बैल एकदम थांबले.

"ठैरो! क्या माल है?"

पडद्याच्या फटीतून पाहिलं तर टोपी, शेरवानी आणि बांबू. आमचे नेकनूरचे मामा बिचारे साधे. गावातसुद्धा नाका असतो आणि तो नवऱ्याच्या दाराशीच असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते गाडीतून उतरले, पागोटं काढून हातात घेतलं आणि म्हणाले, "सायेब, नवरीची पेटी हाय. दुसरं काय बी न्हाई."

"न्हाई म्हन्तेत ते सगळे तसंच म्हन्तेत. उघडा."

सासरची माणसं मागं तोंडाला पदर लावून हसत होती. कुणी मामांना सोडवायला पुढं येईना. दर लग्नात ही मजा व्हायचीच, ती का दवडावी? पेटी उघडली. काकांनी आत हात घातला, लुगड्यांच्या तळातून एक पुरचुंडी काढली, नाकाशी नेली आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडले, "चिंच! मीठ-जिरं घातलेली! एक गोळा!"

मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. काकांनी पुरचुंडी होती तिथं ठेवली, वरची लुगडी नीट केली आणि पडद्याकडं न बघता म्हणाले, "चिंच लपवून आनायची नसती बाई. सासरी उघड खायची असती. घरगुती सामान. माफ!" आणि बांबू वर गेला.

घेत काही नसत, हे आधी सांगायला हवं. गल्लीत येणाऱ्या एका शेंगेलाही त्यांनी कधी हात लावला नाही. त्यांना फक्त बघायचं असे. आणि बघितलेलं सांगायचं असे. कुणाच्या घरी आज वांगी आली, कुणाच्या घरी पाहुणा येणार म्हणून गूळ जास्त आला, कुणाच्या जावयानं नवा जोडा घेतला, हे सगळं आरोळीनं जाहीर होई. लिहून घ्यायला आत मोहरीर नव्हता, पण गल्लीतल्या बायका होत्या. त्यांच्या लक्षात राहायला कागद लागत नसे.

काकांच्या हिशेबी जगात माल तीन प्रकारचा. आत आला तो आवक. बाहेर गेला तो जावक. आणि बाहेर जाऊन परत येणारा तो वापसी. नाक्यावर म्हणे शेतकरी बैल घेऊन पलीकडच्या बाजाराला जात. विकला गेला तर जावक, नाही गेला तर वापसी. परत आणायचा असेल त्या बैलाच्या शिंगाला काका गेरूचा डाग लावत. डाग पाण्यातला, एका धुण्यात जाणारा. येताना शिंगावर डाग असला की बांबू आपोआप वर, तपासणी नाही. "ज्याला बैल इकायचा असतो तो पलीकडच्या वढ्यावर शिंग धुतो," काका सांगत. "ज्याला माघारी यायचं असतं, तो डाग जपतो. आपुन काय इचारायचंच न्हाई. डाग बघायचा."

हाच कायदा त्यांनी गल्लीला लावला. शेजारी द्यायला नेलेली पातेली, मागून आणलेलं सूप, उसनी नेलेली परात, सगळ्यांवर गेरूचा ठिपका. पहिल्यांदा बायका चिडल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं की गेलेली भांडी परत यायला लागली आहेत! आमच्या सासूबाईंची पितळेची चाळणी, जिच्यासाठी त्या देवाला नवस बोलायच्या बेतात होत्या, ती एके सकाळी ठिपक्यासकट ओट्यावर हजर झाली. तेव्हापासून सासूबाई काकांना नावं ठेवत त्या जरा हळू आवाजात. "भावजी येडे हायेत," म्हणायच्या, "पर चाळणीपुरते शाने हायेत."

तरी रोज रोज कोण पिशव्या उघडून दाखवणार? आम्ही सगळ्या नदीकडून यायचो. पात्र कोरडं असलं की बाजारातून वाळूतून वळसा घालून गल्लीच्या मागच्या अंगानं घरात शिरायचं. लुगड्याच्या ओच्यात भाजी, पदराखाली गुळाची ढेप, आणि तोंडावर धुणं धुऊन आल्याचा भाव. काकांना हे कळत नसेल असं मला वाटायचं. एकदा सासूबाईंनीच त्यांना टोचलं, "भावजी, हितं दोरी धरून बसताय, आन् मागून सारा बाजार आत येतुया."

काका टोपी सरळ करत म्हणाले, "ठाऊक हाय की, वैनी. चोरवाट नसल तर नाका कशाला पायजे? आन् नाक्याला चोरवाट पायजेच. न्हाईतर मानूस गुदमरतो."

त्या वेळी आम्ही हे हसण्यावारी नेलं.

हे सगळं गल्लीला गमतीचं होतं. काकूंना नव्हतं. त्यांची बाजू कुणी फारशी विचारत नसे. काका नोकरीभर माळरानात आणि काकू इथं, हेच त्यांचं लग्न. सणावाराला काका पाहुण्यासारखे यायचे, काकू चार पदार्थ जास्त करायच्या, की पुन्हा आपलं घर आपल्या हातात. स्वच्छतेच्या इतक्या वेड्या की बाहेर जाऊन आलेलं लुगडं धुतल्याशिवाय खुंटीला लागू द्यायच्या नाहीत. दुपारी त्यांच्या माजघरात गल्लीतल्या बायका जमायच्या. कुणी वाती वळायच्या, कुणी शेवया करायच्या, आणि हातांपेक्षा तोंडं जास्त चालायची. काकू बोलायच्या कमी, ऐकायच्या फार. त्यांच्या कानात टाकलेली गोष्ट आडात टाकलेल्या खड्यासारखी, पुन्हा वर येत नसे. सासूची कागाळी सुनेनं आणि सुनेची सासूनं, एकाच माजघरात बसून, एकाच काकूंना सांगावी आणि दोघींनी हलक्या होऊन घरी जावं. त्या घराची तीच शोभा होती.

आणि आता ऐन दुपारी तिथं काका येऊन उभे राहायचे. "ह्या शेवया कुनाच्या? गहू कुठला? ही जी बातमी आता बोलत हुता, ती आली कुठून? आवक कुनाकडून?"

"अहो, तुमी नाक्यावर बसा बरं," काकू म्हणायच्या.

"नाका दुपारचा बंद असतो."

"मंग माजघर बी बंद असतंय!"

हळूहळू बायका कमी व्हायला लागल्या. काकू कुणापाशी कुरकुरल्या नाहीत, पण हातातल्या वाती मात्र कडक वळायला लागल्या.

मला दिवस गेले ते त्याच पावसाळ्यात. तिसरा महिना लागेपर्यंत बोलायचं नाही ही रीत. माझी आई तिकडं नेकनूरला, सासूबाईंना सांगायची मला लाज, म्हणून मी एकट्या काकूंना सांगितलं. काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "काय खावं वाटतंय गं पोरी?" मी म्हटलं, "कवठ. आन् भाजकी माती." काकू हसल्या. "उद्या बाजार हाय. आनते. कुनाला कळनार न्हाई."

कळलंही नसतं. पण त्या रात्री वरच्या डोंगरात पाऊस झाला आणि सकाळी बिंदुसरा काठोकाठ. चोरवाट बंद. काकूंना बाजारातून पुढून यावं लागलं. बांबू आडवा. दोरी नवऱ्याच्या हातात.

मी दाराच्या आडून बघत होते. काकू म्हणाल्या, "उचला."

"ठैरो. गठडीमें क्या है?"

"घरचं सामान हाय. उचला म्हन्ते ना."

"घरच्यांना येक आन् बाहेरच्यांना येक, आसा कायदा आपल्या नाक्यावर न्हाई." त्यांनी गाठोडं घेतलं, सोडलं, हात घातला आणि सवयीनं मान वर करून आरोळी ठोकली, "कवठ! कच्चं! भाजकी माती! येक पुडा! आवळकाठी!" मग जरा थांबून स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले, "माती? आपल्या घरी कोन खातंय माती?" काकूंची नजर कळत नकळत आमच्या दाराकडं गेली. काकांनी नोकरीभर माणसांच्या नजरांवरून माल ओळखला होता. त्यांचा चेहरा उजळला. "शेजारी! माल शेजारी जानार!"

शितावरून भात ओळखणारी गल्ली ती. इथं तर पातेलंच उलटं झालं होतं. सासूबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं आणि चिमण्यांची चंगळ झाली.

खरं सांगते, मला त्यांचा राग आला नाही. लाज वाटली, आणि पोटातून हसूही येत होतं. सासूबाई तर आतून फुलल्या होत्या. पण आपल्या घरातली गोष्ट आपल्याआधी शेजारणीला कळली, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. त्या काकूंशी बोलेनाशा झाल्या. गल्लीत दुसरीच कुजबुज सुरू झाली. काकूंच्या कानात टाकलेलं आता नवरा बांबूवर वाजवतो, असं बायका म्हणायला लागल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी माजघरात कुणी आलं नाही. मी गेले, तर काकू एकट्या बसल्या होत्या, पुढं कापूस तसाच.

"काकू, मला काय बी वाटलं न्हाई," मी म्हटलं.

"तुला न्हाई वाटलं पोरी. मला वाटलं ना." त्यांनी कापूस बाजूला सारला. "माझ्याजवळ दुसरं हुतंच काय? लोकं इश्वासानं येत हुते. त्येवढं येक माझं हुतं. ते बी ह्यांनी चव्हाट्यावर मांडलं."

पलीकडं काका खांबाला टेकून उभे होते. ते म्हणाले, "कायद्यानं..." आणि टोपी काढून झटकायला लागले.

काकूंनी पालीला भावाकडं जायचं ठरवलं आहे, हे गल्लीला तासाभरात कळलं. या वेळी आरोळीशिवाय. किती दिवसांसाठी ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या की त्या घरात आता माझं काम न्हाई. पूर ओसरायची वाट बघत असतील, असं सगळ्यांना वाटलं, कारण पालीची जवळची वाट नदीच्या पात्रातूनच. मागच्या दारानं उतरायचं, काठानं वर चालत सुटायचं, की पाली. नवऱ्याचं तोंडही बघायला नको.

पाणी ओसरलं. सकाळी काकू गाठोडं घेऊन बाहेर पडल्या आणि नदीकडं न वळता सरळ पुढं, बांबूकडं निघाल्या. लांबच्या वाटेनं. दारादारांतून बायका उभ्या राहिल्या. सासूबाईसुद्धा, अबोला असून.

काका ओट्यावर होते. काकूंनी गाठोडं त्यांच्यापुढं ठेवलं. "तपासा."

काकांनी हात लावला नाही. गाठ सोडली नाही की वास घेतला नाही. खाली बघतच त्यांनी विचारलं, "कुठं चालला माल?"

"पालीला."

"जावक, की... वापसी?"

काकूंनी गाठोड्याची गाठ आवळली. मला वाटलं आता काका पुन्हा विचारतील, ओरडतील. त्यांनी परळात बोट बुडवलं आणि गाठोड्याच्या पांढऱ्या फडक्यावर एक ठिपका लावला. एरवी गोल येणारा ठिपका त्या दिवशी लांबट आला.

"डाग कावून लावला?" काकू तडकल्या. "मी बोलले का काय?"

"न्हाई बोललीस. डाग लावायचा अधिकार माझा हाय. धुवायचा तुजा."

आणि त्यांनी बांबू वर केला. काकू गेल्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. काका दोरी धरून उभेच राहिले, गाढवं आली, कुंभार आला, पाणक्या आला, सगळे मोकळे निघून गेले तरी बांबू वरच.

पुढचे दिवस गल्लीला सुखाचे जायला हवे होते. कुणी अडवत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. पण बाई, एखाद्या गोष्टीची खोड लागते ती लागतेच. भाजीवाली तोंडाशी येऊन आपणहून टोपली खाली ठेवायची आणि म्हणायची, "नाकेदार, दोडकी हायेत." काका नुसती मान हलवायचे. सासूबाई एकदा नवीन खण घेऊन मुद्दाम पुढून आल्या, मुद्दाम हळू चालल्या. कुणी विचारलं नाही. घरात येऊन खण फेकल्यासारखा ठेवला आणि म्हणाल्या, "मेलं आनलं काय आन् न्हाई आनलं काय, येकच." आपण काय आणलं हे विचारणारं कुणीतरी लागतं, हे आम्हाला तेव्हा समजलं.

काकांचे हाल तर बघवत नव्हते. भाकरी जमेना. आमच्याकडून भाजी जायची, वाटी परत यायची ती बिनडागाची. पालीहून दूध घालायला येणारा एक गवळी होता. काका त्याला रोज गाठायचे.

"काकू दिसली का रे?"

"दिसली की. भावाच्या अंगनात शेंगा फोडीत हुती."

"मी कसा हाय, इचारलं?"

"न्हाई बा."

"बरं. गठुडं कुठं हाय तिचं?"

"आता मी काय लोकाच्या माजघरात शिरून गठुडी बघू व्हय, नाकेदार?" गवळी हात जोडायचा. "दूध घ्या आन् मला जाऊ द्या."

काका दूध घेऊन ओट्यावर बसायचे. एकदा मी जवळून चालले होते. मोठ्या माणसांशी समोरासमोर बोलायची आमच्यात तेव्हा रीत नव्हती. मी पदर पुढं ओढून भिंतीला सांगावं तसं बोलायची. काकाही भिंतीला सांगावं तसंच म्हणाले, "चोरवाटेनं गेली न्हाई ती. जवळची वाट हुती, तरी नाक्यावरून गेली. बघितलंस न्हवं तू?"

मी म्हटलं, "बघितलं."

"हां," म्हणाले. त्या एका गोष्टीवर हा माणूस दिवस काढत होता.

अखेर एका सकाळी काका नवीन धोतर नेसून, टोपी झटकून, काखेत गाठोडं घेऊन बाहेर आले. बांबूपाशी आले, तो आडवा केला आणि तिथंच अडले. त्यांना अडवायला तिथं कुणीच नव्हतं. मग आमच्या दाराकडं बघून म्हणाले, "सूनबाई, हिकडं ये. तपास."

सासूबाई आतून म्हणाल्या, "जा गं. त्यांच्या डोक्यात फरक पडलाय, पर जा."

मी गेले. गाठोडं सोडलं. एक धोतर, काकूंचा इथंच राहिलेला अडकित्ता, आणि खाली... मी वर पाहिलं. कवठ आणि भाजक्या मातीचा पुडा.

"मोठ्यानं बोलू नगंस," काका घाईघाईनं पुटपुटले. "हे तुज्यासाठी न्हाई. तिच्या हातात देतो. ती तुला गुपचूप देईल. मी काय बी बघितलं न्हाई."

मला हसावं की रडावं कळेना. कारण सगळी गल्ली दारात उभी होती आणि सगळ्यांना सगळं दिसत होतं. मी गाठ बांधली आणि जमेल तेवढ्या सरकारी आवाजात म्हटलं, "घरगुती सामान. माफ."

"डाग लाव. न्हाईतर म्हन्तील, नाकेदार पळाला."

मी ठिपका लावला. काकांनी तो नीट आहे ना पाहिला, गाठोडं उचललं, आणि बांबूकडं पाठ करून तरातरा मागं, नदीकडं निघाले. सासूबाईंना राहवलं नाही. त्या ओरडल्या, "भावजी! चोरवाटेनं?"

"तपासलेला मानूस कुठूनबी जाऊ शकतो," काका न थांबता म्हणाले. "आन् हिकडून लवकर पोचतं."

त्या माणसाला वाळूतून धोतर वर धरून पळताना बघून सासूबाई पोट धरून हसल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "ती आली म्हंजे मला हाक मार. मी काय जल्मभर अबोला धरला न्हाई."

दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत काकूंच्या भावाची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. पालीत काय बोलणं झालं, ते काकूंनी मला कधी सांगितलं नाही. आणि काका तर एवढंच सांगायचे की पोचल्यावर त्यांनी मेव्हण्याच्या अंगणात उभं राहून आपलं गाठोडं काकूंपुढं ठेवलं आणि 'तपास' म्हणाले. काकूंच्या अटी मात्र गाडीतूनच सगळ्या गल्लीला ऐकवल्या गेल्या. बांबू राहील. गेरूही राहील. पण यापुढं आरोळी बंद; काय बघायचं ते बघायचं आणि गिळायचं. आणि दुपारी माजघराच्या उंबऱ्यावर नाका काकूंचा.

"कबूल?" काकूंनी विचारलं.

"सारी गल्ली गवाह हाय," काका म्हणाले. ते गाडीतून उतरले. सवयीनं दोरी हातात घेतली. त्यांनी बांबू वर केला आणि बाजूला झाले.

काकू गाठोडं काखेत घेऊन खाली उतरल्या. बांबूखालून आत येऊन थांबल्या. सगळ्या बायका बघत होत्या. काका भिंतीकडं बघत होते.

"माझं गठुडं तपासायचं न्हाई व्हय?" काकू म्हणाल्या.

"न्हाई," काका म्हणाले. "वापसीचा माल तपासत नसतेत."

तेव्हा मी गाठोड्याकडं पाहिलं. पांढऱ्या फडक्यावर तो लांबट ठिपका होता तसा होता. सासूबाई पुढं झाल्या, काकूंच्या हातातून गाठोडं घेत म्हणाल्या, "अगं बाई, येवढे दिस भावाकडं राहिलीस, आन् हे फडकं तसंच मळकं?"

"येळच मिळाला न्हाई धुवायला," काकू म्हणाल्या आणि पदर सावरून आत गेल्या.

पालीला त्यांच्या भावाचं घर अगदी नदीकाठी आहे. परसातून चार पावलं टाकली की पाणी.